बाईंचा नंबर

घोडबंदर रोड, ठाणे
१० नोव्हेंबर

ती. आत्यास,

साष्टांग वगैरे तू धरूनच चाल. तुझं कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं आणि मेसेजवर तू "बरं" सोडून दुसरा शब्द लिहीत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. क्षिप्रा हसतेय. नवऱ्याचं अक्षर तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

काम आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची नोंदणी आमच्या कंपनीकडे आली आणि मला लीड केलंय. गेल्या वर्षी काय राडा झालेला ते तू पेपरात वाचलं असशील. एकेका पोराचा तास-तास फॉर्ममध्ये जायचा, शेवटच्या दिवशी साइट झोपली. आमच्या साहेबांचं म्हणणं, काहीही कर, पण दहा मिनिटांत फॉर्म झाला पाहिजे.

आता तू सांग. शाळेतून रिटायर झाल्यापासून कोळसेवाडीतल्या तुझ्या अख्ख्या गल्लीचे फॉर्म तू भरतेस. अकरावी-बारावीला तुझ्याकडे राहिलेलो तेव्हा माझाही तूच भरलेलास. नक्की कुठे अडतं, कशाने वैताग येतो, सगळं लिही. जरा फटाफट लिही हं, पुढच्या आठवड्यात माझं प्रेझेंटेशन आहे.

तुझा,
केदार


कोळसेवाडी, कल्याण पूर्व
१६ नोव्हेंबर

केदार,

आशीर्वाद. दिवाळीला पाच मिनिटं येऊन गेलास आणि त्यातही फोनवर होतास, आता काम निघालं तर चार ओळी आल्या. गरज सरो वैद्य मरो करू नकोस म्हणजे झालं.

विचारलंस म्हणून सांगते. पहिलं म्हणजे, अर्धा फॉर्म भरून झाला की वीज जाते किंवा इंटरनेट जातं, आणि पुन्हा श्रीगणेशा. अरे, जे भरलंय ते राहू द्या ना! आईचं नाव, कॉलेज, पिनकोड, सगळं परत लिहायचं म्हणजे पोरं रडकुंडीला येतात. दुसरं, फीचं पान. तिथे चाक फिरत राहतं आणि पुढे काही होत नाही. तिसरं, तो ओटीपी. त्याबद्दल नीट ऐक.

आमच्या गल्लीत घरटी एकच धड फोन असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो. आता आमच्या शेजारचा गुणाजी. वागळे इस्टेटमध्ये लेथवर आहे. पाळी सुरू झाली की फोन लॉकरमध्ये. ओटीपी तिकडे लॉकरात येतो आणि पोरगी इकडे संगणकासमोर बसून असते. म्हणून सगळ्यांच्या फॉर्मवर माझाच नंबर असतो. गॅसच्या पुस्तकापासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत गल्लीत कोणीही "मोबाइल क्रमांक" विचारला की पोरं म्हणतात, बाईंचा नंबर टाक. एका रविवारी सगळी माझ्याकडे जमतात, गुणाजीची बायको मालन घावणे पाठवते आणि तुझ्या त्या जुन्या लॅपटॉपवर एकेकाचा फॉर्म होतो. तेव्हा एका नंबरावर पुष्कळ पोरं असतात, हे तुझ्या साहेबांना सांग.

यंदा माझा जीव अडकलाय तो गुणाजीच्या थोरल्या मुलीत, संचितामध्ये. तिला वकील व्हायचंय. विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या कोर्सला ही एकच परीक्षा. गल्लीतल्या पाण्याच्या भांडणात पोरगी अशी मुद्देसूद बोलली की नगरसेवकाच्या माणसाने काढता पाय घेतला. गुणाजी वाईट नाही रे, पण त्याच्यामागे धाकटी दोघं आहेत. त्याने सांगून ठेवलंय, "बाई, एकदा बसू दे. लागली तर लागली. नायतर भिवंडीला गोदामात पॅकिंगला जाईल, तिची मावशी हाय तिथं." मी हो म्हटलं. एकदा पुरे आहे तिला.

जेवत जा वेळेवर.

वासंती आत्या


घोडबंदर रोड, ठाणे
२ फेब्रुवारी

ती. आत्या,

उशीर झाला, माहितीय. शिव्या घाल. पण आधी बातमी ऐक: तुझं पत्र हिट झालं! प्रेझेंटेशनची सुरुवातच मी तुझ्यापासून केली. "माझी आत्या कल्याणला राहते," म्हटल्यावर सगळे माना वर करून ऐकायला लागले.

तू म्हणालीस ते सगळं केलंय. एकदा भरलेलं आता पुसलं जात नाही. नंबर टाकला की जुनं आपोआप समोर येतं. फीचं पान या टप्प्यावर काढूनच टाकलं, फी हॉल तिकिटाच्या वेळी. कागदपत्रं परीक्षा केंद्रावर तपासणार. पोचपावती छापायची भानगडही नाही, सरळ मेसेज येतो. टेस्टिंगमध्ये एक फॉर्म नऊ मिनिटांत! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

तुझा ओटीपीचा मुद्दाही लक्षात आहे, टेन्शन घेऊ नकोस.

पुढच्या आठवड्यात लिंक सुरू होईल. तुझी पलटण बसव आणि मला कळव कसं वाटलं ते. पण पत्रच लिही. साहेबांना तुझी पत्रं जाम आवडलीत.

तुझा,
केदार


कोळसेवाडी
२३ फेब्रुवारी

केदार,

आज मी तुझ्यावर खूश आहे, तेव्हा हे पत्र जपून ठेव. पुन्हा कधी होईन सांगता येत नाही.

सकाळी नऊ पोरं जमली. मालनने घावण्यांची चळतच पाठवली. पहिला नंबर संचिताचा, तिने आधीपासून लावून ठेवलेला. तिचा फॉर्म भरला, चहा गाळेपर्यंत मेसेज आला: आपला अर्ज स्वीकारला आहे, धन्यवाद. मी दोनदा वाचला. गेल्या वर्षी एवढ्या वेळात पहिलं पानसुद्धा उघडलं नव्हतं.

आणि पुढे तर गंमतच. दुसऱ्याला बसवलं, माझा नंबर टाकला, तर कॉलेज, पत्ता, पिनकोड सगळं तयार! सगळी एकाच कॉलेजची, एकाच गल्लीतली. फक्त नाव, जन्मतारीख आणि फोटो बदलायचा, की झालं. शाबास रे पठ्ठ्या! म्हातारीचं बोलणं ऐकलंस. दुपारच्या जेवणाआधी नऊच्या नऊ उरकली आणि प्रत्येकाच्या वेळी स्वीकारल्याचा मेसेज आला. शेवटी अक्षदा होती. तिला खरं तर ब्युटिशियनचा कोर्स करायचाय, पण मैत्रिणी भरतायत म्हणून तिनेही भरला.

संचिता जाताना म्हणाली, "बाई, तुमच्या भाच्याला थँक्यू सांगा." तर सांगितलं.

तुझी म्हातारी,
आत्या


घोडबंदर रोड
३ मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात नाचायचा बाकी होतो! साहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, केदार, हे खरं सर्टिफिकेट. त्याची मोठी प्रत काढून मीटिंग रूमच्या भिंतीवर लावलीय. विद्यापीठाचे लोक आलेले, त्यांनी उभं राहून वाचलं. आणखी दोन विद्यापीठांशी बोलणी चालू आहेत.

क्षिप्राने मात्र खुसपट काढलं. म्हणते, "अरे, आत्या फक्त नाव आणि फोटो बदलला म्हणतात, म्हणजे काय? मग आधीच्या मुलीचं कुठे गेलं?" मी म्हटलं, आत्याची लिहायची पद्धत आहे ती. तिला प्रत्येक गोष्टीत शंका काढायची सवयच आहे.

फॉर्मची मुदत अजून आठवडाभर आहे. कोणी राहिलं असेल तर बसव.

आता एवढ्यात पत्र नाही जमणार, डोक्यावर काम आहे.

तुझा,
केदार


कोळसेवाडी
१८ एप्रिल

केदार,

हे पत्र गुणाजीच्या हाती पाठवतेय, कारण पोस्टाने पोचेपर्यंत थांबायला वेळ नाही. तुला मेसेज केले. निळ्या खुणा झाल्या, उत्तर आलं नाही.

काल हॉल तिकिटं निघाली. माझ्या नंबरावर एकच निघालं, अक्षदाचं. बाकी आठ पोरांची नावंच नाहीत. संचिताचं नाव टाकलं की येतं, नोंद आढळत नाही. मदतकेंद्राला फोन लावला. संचिताच बोलली, माझ्या कानांना जमेना. ती बाई म्हणाली, या नंबरावर एकच अर्ज आहे आणि अर्जदाराने तो आठ वेळा बदललाय.

आठ वेळा बदललाय! मी आठ नवी पोरं बसवली रे, आणि तुझं यंत्र समजलं की एकच पोर सारखं नाव बदलतंय. संचितावर दुसरा लिहिला, दुसऱ्यावर तिसरा. ती पहिली म्हणून सगळ्यात खाली गाडली गेली. ज्याला मी शाबास म्हटलं ते हे होतं.

एका नंबरावर पुष्कळ पोरं असतात, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. जाऊ दे. भांडण नंतर. परीक्षा चार मे ला आहे. तुम्हा लोकांकडे जुनं सगळं कुठेतरी राहतं, असं तूच एकदा म्हणाला होतास. ते काढ आणि आठ पोरांना हॉल तिकीट दे. गुणाजीने अर्धी पाळी सोडलीय. त्याला खाली ताटकळत ठेवू नकोस, भेट. संचिता कालपासून जेवली नाहीये.

आत्या


ठाणे
२२ एप्रिल

ती. आत्यास,

पत्र मिळालं. त्या दिवशी क्लायंटबरोबर होतो, त्यामुळे खाली येता आलं नाही. रिसेप्शनला सांगून त्यांना चहा द्यायला लावला.

मी चेक केलं. सिस्टिमप्रमाणे चूक झालेली नाही. एक नंबर म्हणजे एक उमेदवार, हे सूचनांच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. दुरुस्तीची मुदतही दिलेली. जुन्या नोंदी सर्व्हरवर आहेत, हे खरं आहे. पण त्या परत घ्यायच्या तर विद्यापीठाला लेखी द्यावं लागेल की आमच्या सिस्टिममध्ये दोष आहे. या घडीला ते शक्य नाही. दोन कॉन्ट्रॅक्ट सहीवर आलेत आणि माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत, त्यांचाही विचार करावा लागतो.

एक गोष्ट घरातली म्हणून सांगतो. दुसऱ्याच्या नावाने अर्ज भरणाऱ्यांना विद्यापीठ अनधिकृत एजंट समजतं. तू लेखी तक्रार केलीस तर पहिला प्रश्न तुलाच येईल. या वयात ती कटकट कशाला? आणि माझं नाव त्यात आलं तर कोणाचंच भलं होणार नाही.

मुलं लहान आहेत. एका वर्षाने काही बिघडत नाही.

केदार


कोळसेवाडी
९ मे

केदार,

एका वर्षाने काही बिघडत नाही हे वाक्य मी गुणाजीला वाचून दाखवलं नाही. माझी हिंमत झाली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

तुझ्या ऑफिसात त्याला कोणी चहा दिला नाही. पाणीसुद्धा त्याने मागून घेतलं. तरी घरी येऊन म्हणाला, "साहेब चांगले हायत बाई, कामात होते." मग म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर तिथं भिंतीला लावलंय." मीटिंग रूममधून ते आता बाहेर आलंय म्हणे, दारासमोर, काचेत. गुणाजीची तू कधी ओळख करून घेतली नाहीस, पण तो माझं अक्षर ओळखतो. त्याचा रजेचा अर्ज, रेशनचा अर्ज, सगळे मीच लिहिते. दोन तास उभा होता तो तिथे. करायला काही नव्हतं म्हणून त्याने ते पत्र वाचलं. पहिला नंबर संचिताचा, हे वाचलं. फक्त नाव बदलायचं की झालं, हेही वाचलं. मला म्हणाला, "म्हंजे तवाच लिवलं होतं की तुम्ही. त्यांनी वाचलं नाय व्हय?"

काय सांगू त्याला? सांग ना!

क्षिप्राला कळलं. तुझ्या बायकोला एका वाचनात कळलं, मुदत आठवडाभर बाकी असताना, आणि तू तिला खुसपट म्हणालास. तेव्हा एक फोन केला असतास तर संचिता चार तारखेला परीक्षेला बसली असती. नंतरसुद्धा बसली असती, एक कागद लिहून दिला असतास तर. तुझी बारा माणसं! माझी आठ पोरं होती.

तुझ्या धमकीला भीक न घालता मी विद्यापीठात गेले. हो, धमकीच ती, घरातली म्हणून गोड शब्दांत दिलेली. गुणाजी आणि संचिता बरोबर होती. तिथल्या माणसाने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, या नावाच्या मुलीने अर्जच केलेला नाही. संचिता म्हणाली, "सर, मी समोर उभी आहे." तो म्हणाला, पोर्टलवर नाहीस.

आणि ज्या एकीचं हॉल तिकीट आलं ती अक्षदा परीक्षेला गेलीच नाही. मामेबहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेली. तिचं तरी काय चुकलं, तिला जायचंच नव्हतं.

संचिता सोमवारपासून भिवंडीला जाते. गुणाजीने शब्द पाळला. एकदाच म्हणाला होता, आणि ती एक वेळ तू खाल्लीस.

वासंती आत्या


घोडबंदर रोड
१५ जून

ती. आत्या,

तुझा राग समजतो. मुद्दामच जरा थांबलो, म्हटलं शांत होऊ दे.

तुला बरं वाटेल अशा दोन गोष्टी. एक, पुढच्या वर्षासाठी सिस्टिम बदललीय. एकाच नंबरावर दुसरा फॉर्म भरायला गेलं की लाल अक्षरांत सूचना येते आणि फॉर्म पुढे जातच नाही. म्हणजे तुझ्या त्या प्रकारामुळे सुधारणाच झाली म्हण ना! मला मॅनेजर केलंय. दोन्ही विद्यापीठं मिळाली.

दुसरी, आमच्या मदतकेंद्रावर मुली हव्यात. बसल्या जागी काम, एसी, मराठी चांगलं हवं. त्या मुलीला पाठव. गोदामापेक्षा बरंच ना? मी एचआरला सांगून ठेवलंय. माझी ओळख आहे हे मात्र तिने तिथे बोलू नये.

क्षिप्रा माझ्याशी नीट बोलत नाहीये. तू तिला एक फोन कर ना. तुझं ऐकेल ती.

रविवारी जेवायला ये. गाडी पाठवतो.

तुझा,
केदार


कोळसेवाडी
११ जुलै

केदार,

गाडी पाठवू नकोस. क्षिप्राचा मेसेज आला होता, तिला उत्तर दिलंय. तुझ्या बाजूने एक अक्षर लिहिलं नाही.

तू सुधारणा केलीस म्हणतोस. नऊ पोरांऐवजी आता एकाचा फॉर्म होईल आणि आठ लाल अक्षरं वाचून घरी जातील. लॉकरातला फोन लॉकरातच आहे. पण तुझी नऊ मिनिटं झाली, तेवढं बघ.

इथे मी सगळ्यांना सांगितलंय की चूक माझी. म्हातारीला नवीन यंत्र कळलं नाही, असं. तुझ्यावरच्या मायेने नाही सांगितलं, तो गैरसमज नको. तुझं नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, बाई, तो तुमच्याकडेच राहून शिकला ना? हो म्हणायची मला लाज वाटली. गुणाजीला सगळं ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. मालन अजून रविवारी घावणे पाठवते. तिने बंद केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पोरं मात्र आता येत नाहीत. परवा कोणाच्या तरी फॉर्मवर नंबर लिहायचा होता, तर ती मुलं माझ्या दारावरून नाक्यावरच्या दुकानात गेली. गेली ते बरंच झालं.

तुझ्या नोकरीचं मी संचिताला सांगणार नव्हते. तुझ्या हातचं काही तिच्या ताटात पडू नये असं वाटत होतं. पण भिवंडीला दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायला लागले, तेव्हा माझा राग मी गिळला आणि सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "बसून काम आहे ना?"

पहिल्या तारखेपासून ती तुमच्याकडे येते. तुला माहीतही नसेल. पहिल्या दिवशी तिला वाक्यं पाठ करायला दिली. फोन आला की काय म्हणायचं, कोणी रडलं तर काय म्हणायचं. एखाद्याचं नाव सापडलं नाही तर म्हणायचं, "आपल्या नावाची नोंद आढळत नाही, सूचनांचं पान पाहावं." संध्याकाळी मला सांगत होती. आवाज अगदी साधा. म्हणाली, "बाई, बाकीच्या मुली घोकत बसल्या होत्या. मला ते वाक्य घोकावं नाही लागलं."

माझं पत्र अजून तिथेच आहे, दारासमोर, काचेत. ती रोज सकाळी त्याच्यापुढून आत जाते. पहिला नंबर संचिताचा, असं त्यात लिहिलंय.

ते आज काढ.

वासंती